लेखनसीमेच्या अलीकडे

सोनार काळ्या कसोटीवर दागिना घासतो आणि उमटलेल्या पिवळ्या रेघेवरून कस सांगतो. शेतकरी रानातलं ढेकूळ मुठीत चुरडतो आणि जमिनीचा कस सांगतो. सोन्याला आणि मातीला मराठीनं एकच शब्द दिला. माणूस कसाला उतरतो का, हेही त्याच शब्दात विचारून ठेवलं. ही चित्रकथा सुचली ती या एका शब्दामुळे.

हे लिहीत असताना तिच्या चौकटी अजून पेन्सिलीच्या रेघांतच आहेत. प्रस्तावना शेवटी लिहायची आणि आधी छापायची, असा आपल्याकडचा रिवाज. इथे तो मोडावा लागला, कारण विषयच तसा आहे: किमया आणि बनावट. खोट्या कागदांची गोष्ट सांगणाऱ्यानं इतिहासाकडून काय उसनं घेतलं आणि पदरचं काय घातलं, याचा हिशेब गोष्ट रंगायच्या आत मांडावा. एकदा ती रंगली की लेखकाच्या शपथेला कोण विचारतो?

काळ आहे १८७५चा उन्हाळा. मुलूख सुप्यापासून नीरा-नरसिंहपूरपर्यंतचा. कऱ्हा बारामतीवरून खाली येऊन सोनगावाजवळ नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेनं वाहत नरसिंहपूरला भीमेत शिरते. या नद्यांच्या काठाकाठानं तीन माणसं पळत सुटतात. पहिली, झारेकऱ्याची पोर. सोनारांच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ विकत घ्यायचा, धुवायचा आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचायचे, हा तिच्या घरचा धंदा. दुसरा, नोकरीवरून काढलेला कारकून. कोणाचंही मोडी वळण तो एकदा पाहून हुबेहूब उतरवतो. तिसरा, तांब्याचं सोनं करून देतो म्हणणारा बैरागी. तिघंही कल्पित आहेत. ज्या दुनियेत त्यांना सोडलं आहे ती मात्र खरी आहे, आणि ही प्रस्तावना त्या दुनियेची आहे.

आधी किमयेचं बघू. शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. आज कोणाच्या हाताला चव असली तरी आपण किमया म्हणतो आणि ‘किमयागार’ ही पदवी कौतुकानं देतो. पूर्वी किमयागार दारात आला की घरातली माणसं आधी तांब्या-पितळेची भांडी मोजून घेत असतील. तरीही ही विद्या निव्वळ भोंदूगिरीची नव्हती. आपल्या रसशास्त्रात पाऱ्यावर करायचे अठरा संस्कार सांगितले आहेत, आणि सिद्ध झालेल्या पाऱ्याकडून दोन अपेक्षा केल्या आहेत: त्यानं देह टिकाऊ करावा आणि हलक्या धातूचं सोनं करावं. ‘रसरत्नसमुच्चया’त यंत्रांची, मुशींची, भट्ट्यांची वर्णनं इतकी बारकाईनं येतात की चित्रकाराला वेगळी कल्पना लढवायची गरज उरत नाही. जस्ताच्या खनिजातून जस्त काढायची रीतही त्यात आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे याच रीतीनं शेकडो वर्षं जस्त निघत होतं, आणि त्या मातीच्या मुशींचे ढीग आजही तिथे पडलेले आहेत.

गंमत पुढे आहे. हेच खनिज, रसक, तांब्याबरोबर तापवलं की तांब्याला सोन्याचा रंग चढतो, असं जुने ग्रंथ सांगतात. ते खोटं सांगत नाहीत. रंग चढतो, फक्त जे तयार होतं ते पितळ. किमयागाराचा प्रयोग फसत नव्हता, नाव चुकत होतं. आमच्या बैराग्याला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो पितळावर थांबत नाही. पोकळ लोखंडी सळईत सोन्याचा कीस भरून तोंड मेणानं बुजवतो आणि तिनंच मूस ढवळतो. मेण वितळतं, सोनं मुशीत उतरतं, बघणाऱ्याचे डोळे विस्फारतात. ही युक्ती जगभरच्या किमयागारांची आहे. झारेकऱ्याची पोर मात्र मुशीकडे बघतच नाही. ती सळईच्या टोकाला चिकटलेलं मेण बघते. जिनं आयुष्यभर गाळातून गुंजभर सोनं शोधलं, तिला सोनं हवेतून येत नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

बैराग्याचा धंदा याच मुलुखात का चालावा, यालाही कारण आहे. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामतीवरून इंदापूरला आणि तिथून नीरा ओलांडून पुढे जाते. काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. वारीच्या वाटेवर वाढलेल्या पोराला परिसा भागवताची गोष्ट सांगावी लागत नाही. परिसा भागवतापाशी परीस होता. नामदेवांनी तो चंद्रभागेत भिरकावला. भागवत हळहळू लागला तेव्हा नामदेवांनी वाळवंटातले ओंजळभर खडे पुढे केले, तर तो प्रत्येक खडा परीस. चंद्रभागा म्हणजे ही इंदापूरच्या कुशीतून खाली गेलेली भीमाच. इथला माणूस परिसावर विश्वास ठेवतो आणि त्याच दमात तो नदीत फेकायच्या लायकीचा आहे असंही मानतो. भोंदूला असं गिऱ्हाईक दुसरीकडे मिळायचं नाही: अर्धं भाविक, अर्धं हसणारं.

याच भागात अचानक मिळालेल्या धनाची आणखी एक कथा फिरते. मालोजीराजे भोसल्यांना वेरुळाला देवीच्या दृष्टांतानं भूमिगत धन सापडलं, अशी बखरींची सांगी आहे. ते धन त्यांनी ठेवलं कुठे? चांभारगोंद्याच्या शेषो नाईक पुंडे या सावकाराकडे. सुपे आणि इंदापूर हे दोन्ही परगणे पुढे भोसल्यांच्या जहागिरीत होते, आणि मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असं परंपरा मानते. तिथली गढी त्यांच्याच नावानं ओळखली जाते. आम्हाला या कथेत रस आहे तो सावकारापुरता. देवीनं दिलेलं धनसुद्धा वहीत जमा झाल्याशिवाय खरं ठरत नाही. सोन्याला दगडाची कसोटी पुरते. श्रीमंतीला कागद लागतो.

आणि कागद म्हटला की बारामतीला यावंच लागतं. अठराव्या शतकात बारामतीचे बाबूजी नाईक हे बडे सावकार. बाजीराव पेशवे त्यांचे कर्जदार होते, आणि सोयरेही. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजींना दिली होती. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर रघुजी भोसल्यांनी पेशवाईसाठी बाबूजींचंच नाव पुढे केलं. शाहूंनी वस्त्रं नानासाहेबांना दिली, पण एका सावकाराचं नाव तिथवर पोचलं, यात कागदाचं वजन दिसतं. याच नाइकांच्या आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले. पंतांनी एकशे आठ रामायणं रचली. एकात प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरंच येऊ द्यायची नाहीत. काहींत रामनामाच्या मंत्राची अक्षरं ओळींमधून क्रमानं गुंफायची. भक्त त्यात भक्ती बघतो, पंडित चातुर्य बघतो. आमच्या कारकुनाला त्यात कुलूप दिसतं. एका जुन्या चोपडीत आर्या उतरवून घेताना कोणीतरी मुद्दाम चार अक्षरं बदलली आहेत, आणि ती कुठली हे मूळ रचनेचा नेम ठाऊक असलेल्यालाच कळेल. चोपडी कल्पित आहे. नेम पंतांचा आहे.

बनावटीची आपली सगळ्यात प्रसिद्ध कथा तर एका अक्षराचीच आहे. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ कोणी केलं याची चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही. आनंदीबाईंवर तो आळ परंपरेनं ठेवला. इतिहासाच्या न्यायालयात तो सिद्ध झालेला नाही. पण भाषेनं निकाल देऊन टाकला आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार चलनात आणला. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं सोंग घेऊन आलेल्या तोतयाला १७७६ मध्ये पुण्यात देहदंड झाला. तिथे तर अख्खा माणूसच बनावट होता.

अशा मुलुखात कागद राखायची विद्याही तितकीच तयार झाली. शिवछत्रपतींच्या पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा उठवलेली असे. मजकूर इथे संपला; याच्या खाली कोणी काही लिहिलं तर ते आमचं नाही, असा तिचा अर्थ. तीच लेखनसीमा. लांब कागद खळीनं जोडलेला असला की पाठीमागे जोडावर शिक्का मारायचा, म्हणजे मधला ताव बदलता येत नाही. तारखेची तऱ्हा तर खोटारड्याचा घाम काढणारी: शालिवाहन शक, राजशक, शुहूर सन, फसली सन आणि हिजरी महिन्याचा चंद्र. एकाच दिवसाची ही निरनिराळी नावं एकमेकांशी जुळली पाहिजेत. ग. ह. खऱ्यांसारख्या संशोधकांनी पुढे जंत्र्या समोर ठेवून कित्येक कागदांचा खरेपणा तपासला. आमचा कारकून अशाच एका जंत्रीत पकडला गेला आणि नोकरीतून गेला. अक्षर त्याचं निर्दोष होतं. चंद्र एका दिवसानं चुकला.

ही झाली दरबाराच्या कागदांची तालेवारी. कुणब्याच्या कागदाला यातलं काहीच नव्हतं. त्याला लिहिता येत नसे. कर्जखताच्या खाली त्याच्या नावाशेजारी नांगराची निशाणी काढलेली असे; बाईची निशाणी बांगडी. नांगराला अक्षराचं वळण नसतं. तो कोणीही काढू शकतो. कथेच्या मध्यावर सावकार कारकुनाला असा एक नांगर काढायला सांगतो आणि कारकून अपमानानं लाल होतो. नाना फडणिसांचं अक्षर उतरवणाऱ्या हातानं चार रेघांचा नांगर काढायचा? पण पाप त्या चार रेघांतच जास्त आहे, हे त्याला उशिरा कळतं.

इथे आपण सुप्याला पोचतो. या भागात चाललेली एकमेव यशस्वी किमया कुठली, ते इथे समजतं. सावकाराकडून शंभर रुपये घ्या, दरमहा शेकडा दोननं. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं खत तीन वर्षंच जिवंत राहू लागलं. हेतू कुळाला वाचवायचा होता. व्यवहारात झालं असं की तीन वर्षं भरत आली की सावकार व्याज मुदलात मिळवून नवं खत लिहून घेई. शंभराचे पहिल्या फेरीत १७२, दुसरीत २९६, तिसरीत ५०९. नऊ वर्षांत हातात नवा रुपया न येता कर्ज पाचपट. पारा नाही, मूस नाही, भट्टी नाही. दौत आणि टाक. त्यात कोऱ्या कागदावर घेतलेली निशाणी, भरणा होऊनही न दिलेली पावती किंवा आकड्याला चिकटवलेलं एक शून्य आलं की पोकळ सळईची युक्ती पोरखेळ वाटावी.

सगळे सावकार असे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. सारा रोख भरायचा, तोही बहुतेक वेळा पीक विकून पैसा होण्याआधी. सावकार नसता तर पाटलाच्या तगाद्यापुढे कुणबी उभाच राहू शकला नसता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती तोवर कापसाला भाव होता आणि कर्जही सैल हातानं मिळे. युद्ध थांबलं, भाव कोसळले, वर सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५, बुधवार. सुप्याच्या बाजारात जमलेले आसपासच्या गावांचे लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांनी खतं, रोखे, वह्या मागितल्या, आणि सुप्यात मालही लुटला. जे कागद मिळाले ते चौकात जाळले. जिथे कागद मुकाट्यानं हवाली झाले तिथे पुढे सहसा काही झालं नाही. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेल्या सुप्यातली ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत गेली. सरकारनं आयोग बसवला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. न्यायाधीशानं खतावरचा आकडा प्रमाण न धरता व्यवहार मुळापासून उकलून पाहावा, आणि शेतकऱ्याचं नवं खत गावच्या निबंधकासमोरच लिहिलं जावं, असं तो कायदा म्हणतो. मातीला आणि सोन्याला होती ती कसोटी कागदाला मिळाली, ती अशी. त्याच कायद्याखाली न्या. महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं, आणि मराठेशाहीतल्या टांकसाळींवर निबंध लिहिला तोही त्यांनीच. खोटं खत आणि खोटं नाणं एकाच माणसाच्या अभ्यासाचे विषय व्हावेत, ही जुळणी आम्ही केलेली नाही. ती झालेली होती.

मातीच्या कसोटीचं म्हणालो, तर तीही इथलीच. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं आधी केलेली पाहणी मुळात पुस्तकी होती, त्यात खोट्या मोजण्या शिरल्या, आणि इंदापूर तालुक्यातली रानं ओस पडू लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५च्या सुमाराला इंदापुरातच नवी मोजणी सुरू केली. पुढे मुंबई इलाखाभर गेलेली रयतवारी पाहणीची पद्धत इथे जन्मली. तिचा आराखडा पक्का झाला तेव्हा जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे सोळा आणे. खोली कमी होत गेली, चुनखडी, वाळू, उतार असे दोष निघाले की आणे उतरत उतरत दोनावर येत. शेतात उभा राहून कारकून पहारीनं खळगा घेई आणि आणे लिही. सोनारानं सोन्याचा कस लावावा, तसा. १८३६चा दर तीस वर्षांचा होता; १८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी सगळ्यात आधी झाली आणि सारा भरमसाट वाढला. सुप्याच्या आगीला ज्या काड्या लागल्या त्यांतली ही एक.

आता एक फेरी जगाची, कारण गोष्ट फक्त आपली नाही. आयझॅक न्यूटननं किमयेवर लाखो शब्दांची टिपणं केली होती. तोच न्यूटन १६९६ मध्ये लंडनच्या टांकसाळीचा अधिकारी झाला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागला. विल्यम चॅलोनर नावाच्या अट्टल बनावटखोराला त्यानं पुरावे गोळा करून १६९९ मध्ये फासावर पोचवलं. किमयागार आणि खोटी नाणी पकडणारा एकाच अंगरख्यात असू शकतात, हे न्यूटननं दाखवलं. आमची झारेकऱ्याची पोर त्याच जातकुळीची आहे. तिलाही सोनं हवंच असतं. म्हणून तर खोटं तिला चालत नाही.

हे सगळं कादंबरीत सांगता आलं असतं. चित्रकथा निवडली, कारण बनावट ही बघायची गोष्ट आहे. कादंबरीकार ‘हा कागद खोटा होता’ असं लिहितो आणि वाचकाला त्याचं ऐकावं लागतं. चित्रात कागद समोर असतो. वाचकानं स्वतः पकडायचं. आपल्याकडे ही रीत नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र उभं करून रामायण सांगत आले, आणि ऐकणारा चित्रात बोट घालून विचारू शकत होता. पुढे चांदोबानं आणि अमर चित्र कथेनं दोन-तीन पिढ्यांचे डोळे घडवले. त्यांतले राजे आणि संत आम्हाला प्रिय आहेत. इथे मात्र चौकटीच्या मध्यभागी वही असेल, टाक असेल, गाळ धुणारे हात असतील.

वाचकानं पकडाव्यात म्हणून काही चुका मुद्दाम पेरल्या जातील. त्यांपैकी एक आधीच फोडतो. १८७५चा खरा रुपया म्हणजे एक तोळा वजन, आणि त्यावर राणीच्या मुखवट्याशी ‘क्वीन’. १८७७ पासून तिथे ‘एम्प्रेस’ आलं. तेव्हा गोष्टीत कोणी महाराणी सम्राज्ञी झालेला रुपया वाजवून घेताना दिसला तर छापखान्याला दोष देऊ नका. तो रुपया कोणाच्या हातातून आला ते मागच्या पानावर बघा.

नकळत होणाऱ्या चुकांचीच भीती जास्त आहे. बारामती म्हटलं की चित्रकाराच्या हातून ऊस उगवतो. पण नीरेचा डावा कालवा १८८५चा. त्याआधी इथे दृष्टी जाईल तिथवर ज्वारीची नाहीतर बाजरीची कोरडी रानं. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी दौंड-भिगवणवरून धावत होती, पण बारामतीला छोटी गाडी आली ती १९१४ मध्ये. म्हणजे पाठलाग बैलगाडीनं, तट्टानं आणि पायीच. शेवटचा प्रसंग जुन्या पळसदेवच्या देवळात घडतो. ते देऊळ आज उजनीच्या पाण्याखाली असतं आणि पाणी फार उतरलं की शिखरापासून हळूहळू वर येतं. चित्रकारानं अशा एखाद्या उन्हाळ्यात तिथे जाऊन कोरड्या गाळात बसायचं ठरवलं आहे. हिवाळ्यात तिथे भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उभे असतात. १८७५च्या चित्रात ते घातले तर देखणे दिसतील, पण जलाशयच तेव्हा नव्हता. देखणं असलेलं खोटं टाळणं चित्रकारालाही जड जातं, कारकुनाला तर जाणारच.

ही झाली इतिहासाची बाजू. झारेकऱ्याच्या पोरीला सळईच्या टोकाशी काय सापडतं, चार अक्षरं मिळून काय होतं आणि सुप्याच्या आगीतून कुठला एक कागद वाचतो, हे इथे सांगणार नाही. एवढंच म्हणतो, की तो कागद वाचवावा की जाळावा, यावर तिघांचं एकमत होत नाही, आणि लेखकाचंही झालेलं नाही.

जुन्या रिवाजाप्रमाणे इथे लेखनसीमा करतो. या रेघेच्या वर जे आहे ते कसाला लावून घ्या. खाली जे येईल ते सगळं बनावट आहे. खुशाल विश्वास ठेवून वाचा.